अब्बांचा सिरीज बोर्ड आणि माझं मशीन

(पुणतांबा येथे युवकांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



फळ्यावर विषय लिहिलाय, 'कंटेनर चालवण्यासाठी स्वतःचं व्हर्च्युअल मशीन उभारणं'. तो वाचून मागचे दोघं-तिघं चहाला निघाले होते. बसा जरा. मी सुरुवात कॉम्प्युटरपासून करणार नाहीये, मोटारीपासून करणार आहे.

मी याच गावची. पुणतांबा म्हटलं की बाहेरच्यांना चांगदेव महाराजांची समाधी आठवते, नाहीतर १ जून २०१७ ला इथून सुरू झालेला शेतकऱ्यांचा संप. रेल्वेनं येणाऱ्यांना आणखी एक आठवतं, शिर्डीचा फाटा इथून फुटतो. मला मात्र आधी आठवतं ते अब्बांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरीवरच्या, बोअरवेलच्या, नदीकाठच्या मोटारी. एक फेज गेली की मोटार जळते, आणि शेतीला रात्रीची वीज असली की ती रात्रीच जळते. मग पहाटे पाचला माणूस दारात उभा. पिकाला पाणी द्यायचं असतं, त्याला थांबता येत नाही.

घरात एकच लॅपटॉप होता. सेकंडहँड, ८ जीबी रॅमचा. त्यावर अब्बांची उधारी होती, एक्सेलच्या एका फाइलमध्ये. कोणाची किती एचपीची मोटार, कधी भरली, किती दिले, किती राहिले. 'कांद्याचे पैसे आले की देतो', 'उसाचं बिल निघालं की देतो', असं तीन वर्षांचं सगळं. धाकट्या भावाची शिष्यवृत्तीची कागदपत्रंही त्यातच.

मी तेव्हा बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. नोकरीची जाहिरात उघडली की त्यात 'डॉकर' आणि 'कंटेनर' हे शब्द असायचेच. कंटेनर लिनक्सवर चालतात एवढंच मला कळलं होतं. म्हणून एका रात्री पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकायला बसले. इन्स्टॉलरनं मध्येच विचारलं, पूर्ण डिस्क पुसायची का? मी तो प्रश्न नीट वाचलाही नाही, पुढं-पुढं करत गेले. सकाळी लिनक्स झकास चालू झालं. उधारी गेली होती.

घरात काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. फुप्पी म्हणाली, "पोरीच्या हातात दिलाच कशाला?" लॅपटॉप कपाटावर गेला तो दीड महिना खाली आला नाही. अब्बा रोज रात्री आठवून-आठवून वहीत लिहायचे. काही शेतकऱ्यांनी स्वतः येऊन आकडा सांगितला, काहींनी नाही सांगितला. किती बुडाले ते अब्बांनी मला आजवर सांगितलेलं नाही.

त्या दीड महिन्यात मी दुकानात बसायला लागले. एकदा त्यांनी जळालेली मोटार उघडली आणि मला म्हणाले, "जुनी तार कापायच्या आधी मी काय करतो, बघ." त्यांनी वेढे मोजले, तारेचा गेज पाहिला, कुठल्या स्लॉटमधून कुठल्या स्लॉटमध्ये तार गेलीय ते वहीत लिहिलं. मग छिन्नी घेतली. "तू न मोजताच कापलंस," एवढंच बोलले.

भरलेली मोटार त्यांनी सरळ लाइनवर लावली नाही. आधी सिरीज बोर्डवर घेतली. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी वायरमन आहे त्यांना हा बोर्ड माहीत असेल. एक साधा बल्ब आणि तपासायची वस्तू एकामागं एक जोडलेली. वस्तूत शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो, आणि तेवढंच होतं. दुकानाचा फ्यूज जात नाही, शेजारच्या पिठाच्या गिरणीची वीज जात नाही.

लॅपटॉप परत मिळाला तो एका अटीवर. अब्बा म्हणाले, "जे करायचंय ते सिरीजवर कर." त्यांना म्हणायचं होतं, जपून कर. मी शोधत बसले की कॉम्प्युटरला असा बोर्ड असतो का. असतो. त्यालाच व्हर्च्युअल मशीन म्हणतात.

आता विषयावर येते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे तुमच्या लॅपटॉपच्या आत चालणारा दुसरा, पूर्ण कॉम्प्युटर. त्याची रॅम वेगळी मोजून दिलेली, त्याची डिस्क म्हणजे तुमच्या डिस्कवरची एक मोठी फाइल, आणि त्याची ऑपरेटिंग सिस्टीमही स्वतःची. आतली पूर्ण डिस्क पुसली तरी बाहेर फक्त ती एक फाइल बिघडते. कल्पना जुनी आहे. आयबीएमनं १९७२ मध्ये मोठ्या यंत्रांसाठी असं उत्पादन विकायला काढलं होतं. आपल्या साध्या लॅपटॉपच्या प्रोसेसरमध्ये त्यासाठीची सोय २००५-०६ पासून यायला लागली.

कंटेनर ही वेगळी गोष्ट आहे. नाव बंदरावरून आलंय. १९५६ मध्ये अमेरिकेत मालाच्या ठरावीक मापाच्या धातूच्या पेट्या जहाजावर चढवून नेल्या. त्यानंतर हळूहळू जगभर पेटीचं माप ठरलं, म्हणून आज तीच पेटी ट्रकवर, मालगाडीवर आणि जहाजावर बसते. आपला कांदा उरणजवळच्या न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातो तो अशाच पेटीतून. सॉफ्टवेअरचंही तसंच. प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या फाइली एका पेटीत भरायच्या, म्हणजे ती पेटी माझ्या लॅपटॉपवर आणि मुंबईतल्या सर्व्हरवर सारखीच चालते. 'माझ्याकडे चालतंय, तुझ्याकडे का चालत नाही' हे भांडण बरंचसं मिटतं. लिनक्समध्ये यासाठी लागणारे तुकडे २००२ पासून येत गेले. एका प्रोग्रामला दुसरा दिसू नये याची सोय आधी आली, आणि कोणी किती मेमरी खायची याला लगाम घालायची सोय २००८ मध्ये. २०१३ मध्ये डॉकर आलं आणि हे सगळं एका आज्ञेवर आलं.

मग फरक काय? व्हर्च्युअल मशीन हे स्वतंत्र घर आहे. विहीर वेगळी, मीटर वेगळं. कंटेनर या एका वाड्यातल्या खोल्या. दारं वेगळी, पण आड एकच. तो आड म्हणजे लिनक्सचा कर्नल. सगळे कंटेनर एकाच कर्नलवर पाणी भरतात. म्हणून ते हलके असतात, क्षणात सुरू होतात. आणि म्हणूनच लिनक्सचे कंटेनर विंडोजच्या कर्नलवर चालत नाहीत. विंडोजच्या लॅपटॉपवर कंटेनर हवे असतील तर आधी लिनक्सचं घर बांधावं लागतं, मग त्यात खोल्या काढायच्या.

तुम्ही म्हणाल, डॉकर डेस्कटॉप म्हणून तयार पॅकेज मिळतं, ते टाकलं की झालं. खरं आहे. शिकणाऱ्याला ते फुकटही आहे. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांना त्याचे पैसे पडतात. पण तेसुद्धा आत, तुमच्या नजरेआड, लिनक्सचं व्हर्च्युअल मशीनच चालवतं. ते अवश्य वापरा. माझं म्हणणं इतकंच की एकदा तरी ते घर स्वतःच्या हातानं बांधा. नाहीतर काही अडलं की कुठली भिंत कुठं आहे तेच कळत नाही. अब्बांकडे बाजारातून भरून आलेल्या मोटारी येतात, त्यांचे वेढे कोणीच लिहून ठेवलेले नसतात. त्या दुरुस्त करताना सगळ्यात जास्त वेळ जातो.

आता क्रमानं सांगते. लिहून घ्या.

पहिली पायरी. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, मग सीपीयू. खाली 'व्हर्च्युअलायझेशन' पुढं 'एनेबल्ड' आहे का पाहा. नसेल तर लॅपटॉप चालू होताना बायोसमध्ये जाऊन ते सुरू करावं लागतं. इंटेलमध्ये त्याला 'व्हीटी-एक्स' किंवा 'व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी' म्हणतात, एएमडीमध्ये 'एसव्हीएम'. बायोसमधलं दुसरं काही हलवू नका.

दुसरी पायरी. व्हर्च्युअलबॉक्स टाका. मूळ सॉफ्टवेअर मुक्त आहे, पैसे लागत नाहीत. मशीन चालू केल्यावर खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर समजा की विंडोजचं स्वतःचं 'हायपर-व्ही' मध्ये आलंय आणि काम मंद होणार. विंडोजच्या फीचर्समध्ये जाऊन ते बंद करता येतं. मात्र डॉकर डेस्कटॉप वापरत असाल तर त्याला त्याच सोयी लागतात, हे लक्षात ठेवून एकाचीच निवड करा.

तिसरी पायरी, आत कुठलं लिनक्स? मोबाइलच्या डेटावर जगणाऱ्यांसाठी अल्पाइन आहे. त्याची व्हर्च्युअल मशीनसाठीची फाइल १०० एमबीच्या आत येते. मी डेबियन निवडलं. छोट्या इन्स्टॉलरची फाइल १ जीबीच्या आत असते आणि सर्व्हरवर पुढं तेच भेटतं. टाकताना डेस्कटॉपच्या सगळ्या खुणा काढून टाका. फक्त 'एसएसएच सर्व्हर' आणि 'स्टँडर्ड युटिलिटीज' ठेवा. माउस, वॉलपेपर काही नको. आपल्याला कंटेनर चालवायचेत, सिनेमा नाही बघायचा. आणि हो, इन्स्टॉलर इथंही विचारेल, पूर्ण डिस्क पुसू का? या वेळी बिनधास्त हो म्हणा. पुसली जाते ती फाइलमधली डिस्क. मी ते बटण दाबलं तेव्हा हात कापत होता, खोटं कशाला सांगू.

चौथी पायरी, मापं. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर मी दिलं : रॅम २०४८ एमबी, कोअर २, डिस्क २० जीबी. निम्म्यापेक्षा जास्त रॅम आत देऊ नका, नाहीतर बाहेरचं विंडोज धापा टाकतं आणि आतलंही. डिस्क 'डायनॅमिक' ठेवा. म्हणजे ती फाइल लागेल तशी वाढते, सुरुवातीलाच २० जीबी अडवत नाही. एक ध्यानात ठेवा, आत काही पुसलं तरी ती फाइल आपोआप लहान होत नाही.

पाचवी पायरी, रस्ता. नेटवर्क 'नॅट' ठेवा. घरचं वायफाय असो की फोनचं हॉटस्पॉट, नॅट बहुतेक निमूट चालतं. पण नॅटमध्ये बाहेरून आत जायला दार नसतं, ते काढावं लागतं. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. लॅपटॉपचा २२२२ हा पोर्ट आतल्या २२ ला जोडा, म्हणजे एसएसएचनं आत जाता येईल. लॅपटॉपचा ८०८० आतल्या ८०८० ला जोडा, म्हणजे आतलं संकेतस्थळ ब्राउझरमध्ये दिसेल. दोन्हीकडे यजमानाचा पत्ता १२७.०.०.१ द्या, म्हणजे ते दार फक्त याच लॅपटॉपवरून उघडेल. कॉलेजच्या वायफायवर बसून आपलं दार सगळ्यांना उघडं ठेवायचं कारण नाही.

सहावी पायरी. आता डेबियनच्या स्वतःच्या भांडारातून डॉकर टाका. तिथं पॅकेजचं नाव 'डॉकर डॉट आयओ' आहे. सगळीकडे सांगतात की स्वतःला 'डॉकर' गटात घाला म्हणजे दर वेळी पासवर्ड लागत नाही. घाला, पण त्याचा अर्थ समजून. त्या गटातल्या माणसाच्या हातात त्या मशीनची सगळी सत्ता असते, रूटएवढी. म्हणून तर ते मशीन कुंपणाच्या आत बांधलंय.

सातवी पायरी, आणि ही चुकवू नका. कंटेनर चालवायच्या आधी व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक स्नॅपशॉट घ्या. नाव द्या 'कोरं मशीन'. उद्या काहीही मोडलं तरी मिनिटभरात इथं परत येता येतं. हे तुमचं वेढे मोजून लिहिणं.

झालं. एनजिनएक्सचा कंटेनर आणा, त्याचा ८० आतल्या ८०८० ला जोडा, ब्राउझर उघडा. स्वागताचं साधं पान दिसेल. ते दिसलं तेव्हा मी अम्मीला उठवून दाखवलं होतं. ती म्हणाली, "यात काय आहे?" तिचंही बरोबर होतं. पानावर दोन ओळीच होत्या.

म्हणून मी ठरवलं की त्या पेटीत घरच्या कामाचं काही भरायचं. उधारीची वही. पायथॉनमध्ये छोटं पान आणि एसक्यूलाइटची एक फाइल, सगळं एका कंटेनरमध्ये. त्याला मेमरीची मर्यादा दिली २५६ एमबी. ती ओलांडली तर कर्नल फक्त त्या प्रोग्रामला बंद करतो, शेजारच्याला धक्का लागत नाही. प्रत्येक मोटारीला आपला स्टार्टर असतो तसंच हे.

यात मी तीन चुका केल्या. तुम्ही नव्या करा, याच करू नका.

पहिली चूक. दहा-बारा खोट्या नोंदी टाकून झाल्यावर मी प्रोग्राम सुधारला, जुना कंटेनर काढला, नवा लावला. नोंदी गायब. कंटेनरच्या आत लिहिलेलं कंटेनरबरोबर जातं. जे टिकायला हवं ते 'व्हॉल्यूम'मध्ये ठेवायचं. व्हॉल्यूम कंटेनरच्या बाहेर, मशीनच्या डिस्कवर असतो. हे मला खोट्या नोंदींवर कळलं, खऱ्या उधारीवर नाही. सिरीजचा बल्ब पेटला, बस.

दुसरी चूक अब्बांनी पकडली. पहाटे पाचला आलेल्या माणसाची नोंद कालच्या तारखेला पडत होती. कंटेनर बहुधा यूटीसी वेळेवर चालतात आणि आपण त्यांच्या साडेपाच तास पुढं आहोत. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आतली प्रत्येक नोंद 'काल'. कंटेनरला 'एशिया-कोलकाता' हा वेळविभाग सांगितला आणि तारखा जागेवर आल्या. पुण्या-मुंबईच्या दुकानात ही चूक कदाचित वर्षभर सापडली नसती. पुणतांब्यात रात्रीच्या विजेमुळं ती पहिल्याच आठवड्यात सापडली.

तिसरी चूक सगळ्यात धोक्याची. स्नॅपशॉट घेतलाय म्हणजे डेटा सुरक्षित आहे, असं मी धरून चालले होते. स्नॅपशॉट त्याच लॅपटॉपच्या त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की मशीन, व्हॉल्यूम, स्नॅपशॉट सगळं एकदम जातं. आता रोज रात्री वहीची फाइल मशीनमधून विंडोजमध्ये येते, आणि जुम्म्याला पेनड्राइव्हवर. पेनड्राइव्ह अम्मीच्या कपाटात. अब्बांनी कागदाची वही आजही बंद केलेली नाही, आणि मी त्यांना करायला सांगितलेलंही नाही.

डेटा पुरत नाही ही तुमची अडचण मला माहीत आहे. त्यावर उपाय आहे. एकानं इमेज उतरवायची, 'डॉकर सेव्ह' या आज्ञेनं तिची एक फाइल करायची, पेनड्राइव्हवर द्यायची. दुसऱ्यानं 'डॉकर लोड' करायचं. इंटरनेटचा थेंबही लागत नाही. पूर्ण मशीनही असंच देता येतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये 'एक्स्पोर्ट अप्लायन्स' केलं की एक फाइल तयार होते. पण हे मशीन कोरं असतानाच करा. माझ्या मशीनची फाइल तुम्हाला दिली आणि त्यात अब्बांची उधारी गेली, तर अर्ध्या गावाची गुपितं तुमच्या पेनड्राइव्हवर येतील. पासवर्ड आणि चाव्याही त्यातच असतात. दिलेलं मशीन घेतल्यावर पासवर्ड आधी बदलायचा.

आज मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. मुलाखतीत मला विचारलं, कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन यात फरक काय? मी वाडा आणि आड सांगितला. मग विचारलं, कंटेनर काढला तर डेटाचं काय होतं? ते तर मी भोगलेलं होतं. महागड्या क्लासचं प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हतं. मोडलेली आणि परत बांधलेली पाच-सहा मशीनं होती.

मुलींना एक वेगळं सांगते. घरात एकच लॅपटॉप असतो आणि तो आपल्या हातात शेवटी येतो. आपल्याकडून एक चूक झाली की तो कपाटावर जातो, भावाकडून झाली तर 'शिकतोय' म्हणतात. याचा राग मलाही आला होता. पण दीड महिन्यानंतर तो परत माझ्या हातात आला आणि टिकला, कारण आता माझ्या प्रयोगानं कोणाचं काही बुडत नव्हतं. फुप्पीसुद्धा हल्ली फोन अडला की आधी मलाच हाक मारते.

आज घरी जाऊन दोनच कामं करा. आधी घरातल्या लॅपटॉपवर काय आहे ते अब्बा-अम्मीला, आई-बाबांना विचारा. दाखले, फोटो, हिशेब, जे असेल ते पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. मग टास्क मॅनेजर उघडून व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का बघा. हा क्रम उलटा करू नका. मी केला होता.

बाकीचं उद्या सकाळी इथंच बसून करू. कोऱ्या मशीनची फाइल माझ्याकडे आहे. ज्यांच्याकडे १६ जीबीचा पेनड्राइव्ह असेल त्यांनी चहानंतर पुढं या, कॉपी करून देते. आणि मागचे ते दोघं-तिघं, आता खुशाल चहाला जा. येताना माझ्यासाठी एक आणा.